दुखतंय म्हणून

पालघरच्या दवाखान्यासमोर उषा बोईसरच्या एसटीची वाट बघत होती. शेजारी मैनाबाई नावाची एक अनोळखी बाई बसली होती. तिचा नवरा नागोराव डॉक्टरांना भेटून आला.

“काय म्हणले डाक्टर?” मैनाबाईनं विचारलं.

“पायाच्या रक्तवाहिन्या कडक झाल्यात. चालताना पोटरीला रक्त पुरत नाही. थांबलं की कळ जाते.”

“कधीपासून हाय हे?”

“दिवाळीपासून.”

“आन् तसंच तारापूरच्या बांधकामावर जात होतात? मला का नाही सांगितलं?”

“घाबरली असतीस.”

“म्हणून बाजाराच्या वाटेवर थांबायचात व्हय? कधी म्हैस दाखवायची, कधी चिंचेचं झाड.”

“व्हय.”

“मला वाटायचं, इतक्या वर्सांनी माझ्यासाठी थांबायला लागलात.”

नागोराव वाकून पोटरी चोळू लागला.

“अजून काय म्हणले?”

“बिडी सोडा. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. उशीर केला तर पाय जाईल.”

“मग उद्याच जाऊ. मी येते.”

एसटी आली आणि बरीच पुढं जाऊन थांबली. सगळे धावले. निम्म्या वाटेत नागोरावचा आवाज आला.

“मैना, थांब गं. दुखतंय.”

“थांबले. धरा मला.”

उषा पळतच दारापाशी पोचली.

“कंडक्टर, घंटी मारू नका. आमची दोघं मागं आहेत.”