वरातीचा घोडा आणि झेंडा

स्वातंत्र्य मिळालं त्या सकाळची आमच्या उर्से गावातली गंमत सांगतो. झेंडा घेऊन पाटीलआबा घोड्यावर बसले. घोडा बँडवाल्या बाबूभाईंचा, जन्मभर नवरदेव वाहिलेला. बँड वाजला मात्र, घोडा चावडीची वाट सोडून थेट मारुतीच्या देवळापुढं जाऊन उभा राहिला. हलेचना.

आबा खेकसले, "बाबूभाई, झेंडा चावडीवर लावायचाय!"

"आबा, नवरदेवानं नारळ फोडल्याबिगर त्यो हलत न्हाई."

झालं, आबा उतरले, नारळ फोडला, परत चढले. घोडा लगेच वळला आणि चावडीपुढचा मांडव दिसताच आपणहून दारात जाऊन थांबला.

पाटलीणबाई बायकांतून कडाडल्या, "झेंडा खुशाल लावा, पन कुनी अक्षता टाकल्या तर याद राखा!"