आत्याची छापून आलेली गोष्ट

दुसऱ्याच्या तोंडची भाषा सुधारायचा हक्क यांना दिला कुणी, सांगा! आमची कमळी आत्या तंजावरची मराठी तमिळ अक्षरांत लिहिते. तिची गोष्ट मी देवनागरीत उतरवून पुण्याच्या मासिकाला पाठवली आणि ती छापून आली. दिवाळीच्या सुट्टीत मद्रासहून घरी निघालो, गाडीत अंक उघडला, तर तिचे सगळे शब्द बदलून पुणेरी केलेले!

घरी आत्याच्या गळ्यात हार. "वाच रे," ती हसून म्हणाली, "माझंच लिहिलेलं मला वाचता येत नाही."

नाइलाजाने वाचलं. आत्या हळूहळू मान खाली घालत गेली. मी थांबलो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या सीताक्का म्हणाल्या, "बरी आहे रे. आता आमच्या कमळीची वाच."