पहिल्या मशीनचा हिस्सा

दातांच्या दवाखान्यात मास्तरीणबाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारी आणि पिशव्या शिवण्याचा कारखाना चालवणारा तिचा मुलगा यांची जुंपली होती. बाईंचे कान आपसूक तिकडे गेले.

“बँक नाही म्हणाली, आई. पण एक गुंतवणूकदार दहा नव्या मशिनींचे पैसे देतोय. जागा तुझ्या नावावर, म्हणून उद्या तुझी सही हवी.”

“आणि फेडायचे कधी?”

“दोन वर्षांत धंदा वाढला, तर त्या कर्जाचा कारखान्यात हिस्सा होईल. नाही वाढला, तर व्याजासकट परत.”

“म्हणजे आज सावकार आणि उद्या घरजावई!”

“अगं, हळू बोल. आणि हिस्सा त्याला इतरांपेक्षा स्वस्तात द्यायचाय.”

“का? तो कोण लागून गेलाय?”

“सगळ्यांच्या आधी विश्वास ठेवला म्हणून.”

“सगळ्यांच्या आधी? तुझी पहिली मशीन कुणाच्या बांगड्या मोडून आली रे?”

“तुझ्या.”

“ते पैसे फेडलेस?”

“आई, त्याला अकरा वर्षं झाली...”

“फेडलेस का, एवढंच विचारते.”

“नाही.”

नर्सने मास्तरीणबाईंचा नंबर पुकारला. “यांना जाऊ दे आधी,” म्हणत बाईंनी मागच्या गृहस्थांना पुढे घातलं.

“मग माझाही हिस्सा धर. आणि सगळ्यांत स्वस्तात.”

“धरला, माउली! आता करशील ना सही?”

“करीन. पण आधी त्याला कारखान्यात आण आणि एक पिशवी शिवायला लाव. मालकिणीला बघायचंय.”