डावा खिसा

नाही, चेन नको, बटणही नको — शिवून टाक म्हणतोय मी, कायमचा. डावा खिसा. उजवा चालू राहू दे, त्याला हात लावायचा नाही. असं बघतोस काय, मास्तर? इतकी वर्षं लोकांच्या पँटी शिवतोस, खिसा बंद करून मागणारं गिऱ्हाईक भेटलं नाही कधी? भेटलं आता. हा पडदा जरा ओढ — अर्धाच येतो होय, म्हणजे गिऱ्हाइकाचे गुडघे रस्त्याला दाखवायचे, वा — बरं, ही घे पँट. थांबतो मी इथंच, आत. मला थांबायचं काही वाटत नाही, थांबण्यावरच पोट आहे माझं. आणि गुरुवारचं काही बोलायला आलेलो नाही, हे आधीच सांगतो. तू जिंकलास, मी हरलो, टेबलावरचं टेबलावर राहिलं.

बाहेरचा बोर्ड मात्र वाचला. ‘दुकान देणे आहे’. तेही कापडावर खुणा करायच्या खडूनं लिहिलंयस, एक रंगाचा डबा आणवला नाही तुला. आता काय, पोकर खेळून घर चालवणार? तीन आठवडे क्लबात आलास, एका दुपारी पन्नास हजार घेऊन उठलास, की लगेच मशीन विकायला काढली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. हसू नकोस, माझे गुडघे दिसतायत म्हणून नाही म्हणालो. तुला काय वाटतं, मी रोज तीनला बसतो आणि सातला उठतो, तेवढ्यात काय करतो? शंभरेक डाव होतात तेवढ्या वेळात. खेळतो किती? पंधरा. बाकीचे टाकतो. पत्ते बघायचे, टाकायचे, पाणी प्यायचं. पुन्हा बघायचे, पुन्हा टाकायचे. ऑफिसातला कारकून माझ्यापेक्षा जास्त मजा करतो. आणि तू? तुला दहा मिनिटं पत्ते टाकवत नाहीत, लगेच हात शिवशिवतात. सत्ती-दुर्री घेऊन बसला होतास गुरुवारी — सत्ती-दुर्री! त्याच्याइतकी भिकार पानं अख्ख्या कॅटमध्ये नाहीत, आणि माझ्याकडे एक्क्यांची जोडी. टेबलावरच्या सगळ्यांच्या पानांत दोन सत्त्या उघडल्या, तुझ्या तीन झाल्या, म्हणून तू शहाणा झालास का? नाही झालास. आंधळ्यानं दगड मारला आणि आंबा पडला, एवढंच.

पत्ते कुणीही शिकतो, मास्तर. पैसा शिकत नाही कुणी. माझं भांडवल दोन लाख. त्याचा विसावा भाग, दहा हजार, घेऊन टेबलावर बसायचं. ते गेले की उठायचं, खुर्ची मागे सारायची, घरी जायचं, त्या दिवशी पुन्हा बसायचं नाही — मग समोर गाढव बसलेलं असलं तरी. नऊ वर्षं. भांडवल म्हणजे पैसे नव्हेत. सुतार करवत विकून किराणा भरतो का? घरचे पैसे डाव्या खिशात, धंद्याचे उजव्या. हे एवढं सोपं आहे आणि एवढंच कुणाला जमत नाही.

आणि तुझा चेहरा. चांगलं पान आलं की मान खाली जाते तुझी, सुईत दोरा ओवताना जाते तशी. शिवाय मन मऊ. त्या लाँड्रीवालीची शिलाई सोडून दिलीस म्हणे, ती दोन मुलांची नावं घेऊन रडली म्हणून. हे इथं ठीक आहे. टेबलावर समोरचा आपलं रडगाणं गायला लागला की समजायचं, त्याला आपल्याकडून काहीतरी काढून घ्यायचंय. आपण तोंड मिटायचं आणि आपलं आपल्यापाशी ठेवायचं. तुला नाही जमायचं ते. जाऊन बोर्ड काढ आधी.

काय? हो, गुरुवारी मी उठलो होतो. बघितलंस तर तू. एक्के हरले, दहा हजार गेले, मी खुर्ची मागे सारली. आणि तू — आठवतं? — तू म्हणालास, ‘बसा हो काका, पुन्हा नशीब काढा’. काका! मला! नशीब! नऊ वर्षं जे हातानं कमावलं त्याला नशीब म्हणतो हा परवाचा शिंपी. आग लागली डोक्यात. बाथरूममध्ये गेलो आणि घराच्या किल्लीनं टाके उसवले.

टाके म्हणजे — हां, ते तुला माहीत नाही. डावा खिसा आमच्या घरी रोज शिवला जातो. बायको शिवते, दुपारी मी निघताना, तीन टाके, पांढऱ्या दोऱ्यानं. आत घरचे पैसे. संध्याकाळी आलो की कात्रीनं कापते, मोजते, उद्या पुन्हा. पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, कपाटात ठेव ना बाई. तर म्हणाली, “कपाटाला कुलूप लावलं तर कपाट शहाणं, तुम्ही नव्हे. बरोबर न्या आणि तसेच परत आणा.” आणले की नऊ वर्षं! एक टाका कधी सैल झाला नाही. आणि तुझ्या एका शब्दापायी चाळीस हजार काढून बसलो, गुलाम-दश्शीवर लावले, शेंबड्या पोरासारखे. गेले.

ओरडली नाही ती. ओरडली असती तर बरं झालं असतं. खिसा उलटा केला, तुटका दोरा बोटावर गुंडाळला, कुणी घेतले विचारलं. मी म्हटलं टेलरमास्तरनं. तर म्हणे, “मग आता त्याच्याकडूनच शिवून आणा. माझ्याच्यानं नाही व्हायचं.” तेव्हापासून सुईला हात लावला नाही तिनं.

मशीन का थांबवलीस? चालू दे, ऐकू येतं मला.

फी होती ती थोरलीची, नर्सिंगची. आज शेवटचा दिवस आहे, पाचला खिडकी बंद होते. तो पांढरा कोट टांगलाय ना तुझ्या डोक्यावर, तो तिचाच. माप द्यायला आली तेव्हा केवढी बडबडत होती, तूच सांगत होतास. आता म्हणशील, उजव्यातून भरा की, एक लाख नव्वद हजार आहेत. हीसुद्धा तेच म्हणते. अरे पण ती करवत आहे! त्यातले चाळीस काढले की मला खालच्या टेबलावर बसावं लागेल, तुझ्यासारख्यांच्यात. नियम एकदा मोडला, दुसऱ्यांदा नाही मोडायचा मी. म्हणून म्हटलं इथवर येऊन — खिसा शिवून घ्यावा. बाकी काही नाही.

झालं? दे, पडद्यावरूनच दे. इस्त्रीपण फिरवलीस, बरं.

थांब जरा.

रिकामाच आहे. नाही, काही नाही, टाके चाचपत होतो. पक्के आहेत, दुहेरी मारलेस. रिकामा दिला, रिकामाच शिवलास, बरोबरच आहे की. वर बघ बरं. इकडे, माझ्याकडे. आज मान खाली गेली नाही तुझी. पापणीही हलली नाही. मी इथं अर्धा तास घसा कोरडा केला, बायको काढली, पोरगी काढली, आणि तू आपला टाके घालत बसलास.

शिलाई किती? हे घे, उजव्यातले आहेत. आणि बोर्ड काढ म्हटलं ते विसर. राहू दे बोर्ड, टिकशील तू या धंद्यात. निघतो मी, तीनला डाव बसतो. आणि त्या कोटाची काजं राहिली आहेत ना — सावकाश कर. घाई नाही आता.