शाळेच्या भिंतीवरची चतकोर भाकरी

हसू नका, पण तिसगावात शाळेच्या भिंतीवर जे ताट होतं ना, ते मी रंगवलेलं. एकाहत्तर सालची गोष्ट. सातवीतून शाळा सोडून मी बैलगाड्या रंगवायचो. भिंतीचं हे पहिलंच काम. नर्सबाईंनी कागदावर ताट काढून दिलं. अर्ध्या ताटात पालेभाजी, बाकीच्या अर्ध्यात डाळ आणि भाकरीचा चतकोर.

"काय किती खायचं ते पोरांना नुसतं बघून कळलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "उद्या तपासणीला साहेब येणार आहेत."

मी तसंच रंगवलं. संध्याकाळी सरपंचांची आई, कोंडाआजी, भिंतीपुढं थांबली.

"व्हय रं, ही चतकोर भाकर कुनाला वाढलीस?"

"पोरांना, आजी."

"चतकोर दारात आलेल्या भिकाऱ्याला घालत्यात. आमची पोरं भिकारी हायेत व्हय? सकाळी चुनाच फिरवते यावर!"

भाकरी मोठी केली तर बाई रागावणार, नाही केली तर सगळं ताटच जाणार. कुणाला समजावून सांगायची माझी छाती नव्हती. भल्या सकाळी गेलो आणि ताटाला हात न लावता शेजारी भाकरींची उंच चळत असलेली दुरडी रंगवली.

आजी चुन्याची बादली घेऊन आली आणि दुरडी बघून थबकली. तेवढ्यात बाईही साहेबांना घेऊन आल्या.

"अरे, ही दुरडी माझ्या कागदात कुठं होती?"

आजीच पुढं झाली.

"बाई, ताटातलं तुमचं, दुरडीतलं आमचं. ऱ्हाऊ द्या आता!"