दामूअण्णांपुढचं प्रश्नचिन्ह

परवा मी पुतणीची जरा गंमत केली. केतकीला वंशावळ छापायला द्यायची होती आणि बिबवेवाडीच्या नव्वदीतल्या दामूअण्णांचं नातं कुणालाच सांगता येईना. पोरगी रडकुंडीला आली. म्हटलं, "सुतक किती दिवसांचं ते त्यांनाच विचार. जितके जास्त दिवस, तितकं नातं जवळचं."

एवढी शिकलेली, पण आम्ही दोघं अण्णांकडे गेल्यावर विचारलंन् खरंच. "आजोबा, तुम्ही गेलात की आम्हाला सुतक किती दिवस?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली.

"तुझ्या काकानं शिकवलं ना? लिही, पूर्ण दहा दिवस. तुझे पणजोबा आणि माझे वडील सख्खे चुलतभाऊ. हा गेला तर मात्र आम्ही नुसती आंघोळ करू. तीही रोजचीच."