दोन माणसांची वाट

टेकडीवरची ती फिरायची वाट एवढी रुंद काहून आहे, ते मले विचारा.

बाहत्तर-त्र्याहत्तरची गोष्ट असेल. आमच्या मोहल्ल्यातली पोरं दर रविवारी फावडी-घमेली घेऊन टेकडीवर जायची. गणपतीच्या उरलेल्या वर्गणीतून मुरूमही आणला होता. एका माणसापुरती वाट होत आली, तर माझा दोस्त वसंता आडवा आला.

"एकामागं एक चालून बोलता येते काय गा? दोघं बाजूबाजूनं गेले पाहिजे."

मी म्हटलं, "अबे, जास्तीच्या मुरुमाचे पैसे तुझा बाप देईल काय?"

"घरोघरी मागू ना. मी मागतो."

अन् खरंच मागितले त्यानं. आम्ही त्याले शिव्या देत देत पुन्हा खोदलं. वाट झाली त्या दिवशी आम्ही दोघं वरपर्यंत गेलो. दोघांनी बोलायची वाट, पण बोलला तो एकटाच! पुढं तर रोजचंच झालं. तो उजवीकडं, मी डावीकडं, अन् मले 'हूं' म्हणायलेही फुरसत नाही.

वसंता वारला त्याले आता बरीच वर्षं झाली. मी अजून जातो. परवा फिरायले आलेला एक जण म्हणे, "काका, असे कडेकडेनं काहून चालून राहिले? मधातून चाला ना, सारी वाट रिकामी आहे."

मी म्हटलं, "रिकामी कुठं आहे गा? वसंता बोलून राहिला ना."